चाचणीच्या कागदावरची बेकरी

माझ्या मोठ्या नणंदेला कुणी नाही म्हणत नाही, आणि ती कुणाला छान म्हणत नाही. चार महिन्यांपूर्वी तिने बेकरी काढली. बुधवारी फोनवरून हुकूम सुटला, "पिशव्यांवर छापायला बेकरीचं चित्र हवंय. नुसत्या काळ्या रेघांचं. शनिवारी दुपारपर्यंत दे, नाहीतर छापखान्यात एका टोपीवाल्या आचाऱ्याचं चित्र तयार आहे, तेच टाकते."

मी अठरा वर्षं चित्रं काढतेय. बिलांच्या पाठीवर, पाकिटांवर, मिळेल तिथे. त्यातलं एकही कधी छापून आलेलं नाही. त्या आचाऱ्याकडून हरायची माझी मुळीच तयारी नव्हती.

तडक स्टेशनरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने बारीक टोकाच्या काळ्या पेनांचा डबा पुढे सरकवला आणि शेजारी एक मोठा जाड कागद ठेवला. "यावर चालवून बघा. फाडून मात्र मिळणार नाही. कुठलं टोक कशी रेघ देतं, ते पुढच्या गिऱ्हाइकाला यावरच दाखवतो मी."

लोक अशा वेळी सही करतात किंवा वेटोळी काढतात. माझ्या हातून बेकरीच निघाली. पॉइंट एकच्या बारीक टोकाने विटा, पॉइंट तीनने खिडकी. पॉइंट आठने दारातली सावली भरली आणि ओलं बोट फिरवून बघितलं. शाई जागची हलली नाही. मागे दोघं-तिघं ताटकळत होते, त्यांच्याकडे मी चक्क पाठ केली. तीन पेनं घेतली आणि खुशीत घरी आले. खरं चित्र तर अजून काढायचंच होतं.

घरी महागाचा कागद काढला, आणि हात आखडला. विटा कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या. अकरा कागद वाया घालवले. नवरा मान वाकडी करून म्हणाला, "बरंय की." मी तोही कागद चुरगाळला. जमली होती ती दुकानातल्या कागदावरचीच बेकरी.

शनिवारी सकाळी स्टेशनरीचं दुकान उघडायच्या आधीच मी दारात हजर. चाचणीचा तो कागद बघितला आणि रडू कोसळायचंच बाकी राहिलं. दोन दिवसांत गिऱ्हाइकांनी माझ्या बेकरीपुढे मनसोक्त पेनं चालवली होती. उभ्या रेघा, वेटोळी, सह्या, काय वाट्टेल ते.

"एवढा फाडून द्या हो."

"सांगितलं होतं ना ताई, फाडून मिळणार नाही."

शेवटी नणंदेलाच फोन करून बोलावलं. ती आली ती हाताला पीठ तसंच ठेवून. मी आधीच सारवासारव सुरू केली, "ताई, मूळ चित्र चांगलं होतं हो. समोरच्या या रेघोट्या माझ्या नाहीत. लोकांनी..."

तिने हात वर करून मला गप्प केलं. कागदावर वाकली आणि बेकरीच्या दारापुढे बोट टेकवलं.

"ही माणसं कुणी काढली?"

"कुठली माणसं?"

"ही काय, दारापुढे. रांग आहे ना ही?"

मी पुन्हा बघितलं. खरंच की! उभ्या रेघांची धडं, वेटोळ्यांची डोकी, एका लांबलचक सहीची तर कडेवर मूल घेतलेली बाई झाली होती. आणि सगळी आत शिरायला टपलेली.

"चार महिने झाले गं," ती हळूच म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "रोज सकाळी दार उघडते आणि अशी रांग दिसेल म्हणून बघत उभी राहते."

तिला आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं, धंदा कसा चाललाय म्हणून.

दुकानदार खाकरला. "फोटो काढून न्या हवा तर. त्याला माझी ना नाही."

"थांबा," नणंद म्हणाली आणि डब्यातलं एक पेन उचलून माझ्या हातात दिलं. "आधी दोन-चार माणसं वाढव."

मी सात वाढवली.