हद्दीचा रस्ता

आमची भाची लोरेटा लग्न करून टुल्सा शहरात गेली, त्याच वर्षी काउंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्यानं, रानातल्या रस्त्यांना नावं दिली. तोवर आमचं घर म्हणजे ओढा ओलांडून डावीकडे, एवढंच. पण अँब्युलन्सला नीट पत्ता हवा होता.

आमच्या खडीच्या रस्त्यावर घरं दोनच. हमरस्त्याकडून आधी डेल्मर प्रुइटचं, मग आमचं. कोर्टहाउसमधल्या काउंटीच्या तिघा सभासदांनी पाटी लावली: प्रुइट रोड.

माझा भाऊ ऑर्व्हिल पाटीखाली थुंकला. "रस्ता आपल्या आजोबांनी काढला, लिओटा, आणि माझ्या पत्रांवर नाव याचं?"

"मग नावं ठरवायच्या बैठकीला का गेला नाहीस?" मी म्हणाले.

"डेल्मर गेला होता ना! त्याच्या शेजारी बसू?"

हे जुनंच होतं. जत्रेत डेल्मरच्या कालवडीला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली, तर ऑर्व्हिलच्या मते परीक्षक आंधळा.

त्यानं मागच्या टेकडीवरून नवी वाट काढली आणि पत्ता हद्दीच्या रस्त्यावर नेला. तो रस्ता अर्धा आमच्या काउंटीत, अर्धा शेजारच्या. जुन्या वाटेवर काटेरी तार ताणली.

डेल्मर तारेपलीकडून ओरडला, "अरे खुळ्या, तिथं बर्फ कोण काढणार? ही काउंटी म्हणते तिचं काम, ती म्हणते हिचं."

"तुझ्या नावाखाली राहण्यापेक्षा बर्फाखाली राहीन!"

तिसऱ्या हिवाळ्यात बर्फ दारापर्यंत चढला. काउंटीची बर्फ काढायची गाडी प्रुइट रोड साफ करून डेल्मरच्या फाटकापासून परत फिरली. ऑर्व्हिल खिडकीतून बघत होता. "गेली बघ राजेसाहेबांची पालखी," म्हणाला आणि छाती धरून खाली बसला.

मी फोन केला. अँब्युलन्स टेकडीखालीच अडकली. हद्दीच्या रस्त्याला कुणी हात लावला नव्हता. मग मी डेल्मरला बोलावलं. त्यानं तार तोडली, बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधलेली गाडी शेतातून दारात आणली. आम्ही ऑर्व्हिलला मागच्या सीटवर आडवं केलं आणि प्रुइट रोडनं निघालो.

"कुठल्या रस्त्यानं नेतोयस?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

"हद्दीच्या," डेल्मर म्हणाला. "काढला त्यांनी बर्फ."

"माझा आधी काढला का तुझा?"

"तुझा. माझ्याकडे अजून फिरकले नाहीत, हरामखोर."

ऑर्व्हिलला बरं वाटलेलं दिसलं.

माझा भाऊ ऑर्व्हिल टीग ११ जानेवारी १९९४ रोजी, हमरस्ता लागायच्या आधी, डेल्मरच्या गाडीत वारला.