दोन राण्यांची कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, मित्रांनो. अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये, रत्नाकाकूंच्या कपाटात, शालींच्या खाली मी पस्तीस वर्षं तोंड लपवून पडले होते. माझ्या पाठीवर त्यांच्या नवऱ्याच्या, मनोहरकाकांच्या, अक्षरात 'राण्यांचा सिनेमा' असं लिहिलं आहे. एकेकाळी मला त्या नावाचा भारी तोरा होता. आता ते कुणी वाचलं तरी लाज वाटते.

खरं तर मी या घरची नव्हेच. मी मृणालिनीकाकूंची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी नाटकात मुख्य काम केलं, तेव्हा त्यांची आई नागपूरहून आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. ते सगळं नाटक माझ्यावर उतरलं. पुन्हा काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून काकूंनी माझ्या कडेची छोटी पट्टी मोडून टाकली. नाव घालायचं मात्र राहिलं. मग त्यांनी मला आपल्या जिवलग मैत्रिणीकडे, रत्नाकाकूंकडे, बघायला दिलं.

रत्नाकाकूंचं घर म्हणजे आइस्क्रीमचे डबेसुद्धा धुऊन त्यात डाळ भरणारं. एका रविवारी टीव्हीवर हॉलीवूडचा जुना ऐतिहासिक सिनेमा लागणार होता. नवी कॅसेट कशाला आणायची, म्हणून मनोहरकाकांनी बिननावाची मी उचलली. मोडलेल्या पट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावली. ही युक्ती तेव्हा घरोघरी चालायची. आणि जाहिराती गाळत गाळत त्यांनी अख्खा सिनेमा माझ्यावर घेतला.

काय सिनेमा होता म्हणून सांगू! इंग्लंडची राणी आणि स्कॉटलंडची राणी, नात्याने बहिणी. मखमली झगे, मोत्यांच्या माळा, मानेभोवती कडक झालर. एकीकडे सिंहासन, दुसरीकडे कैद. मी हुरळून गेले. खोटं कशाला बोलू? खाली नाटक पुसलं जातंय हे मला कळत होतं. यंत्रात अडकून बसणं तेवढं माझ्या हातात होतं. पण मला राण्या हव्याहव्याशा वाटल्या, आणि मी गुमान फिरत राहिले.

त्याच हिवाळ्यात मृणालिनीकाकूंची आई नागपुरात वारली. त्यांचा फोन आला, "रत्ना, ती नाटकाची टेप दे ना. आई दिसते त्यात."

रत्नाकाकूंना तोवर सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, मी कधीच परत केली! तूच कुठेतरी ठेवली असशील."

बुडत्याचा पाय खोलात. एक खोटं टिकवायला दहा बोलावी लागली. मृणालिनीकाकूंनी ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात आपलं गॅरेज तीनदा उपसलं. मग बोलणं कमी झालं, मग बंदच पडलं. पुढे दोघींत विस्तव जाईना. मंडळात एकीचं टेबल या टोकाला, दुसरीचं त्या टोकाला. लोक हसून म्हणायचे, "आमच्या दोन राण्या!"

रत्नाकाकूंनी मला एकदाच लावलं. सिनेमात इंग्लंडची राणी बहिणीच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करते, आणि नंतर दरबाराला सांगते, 'तो पाठवा असं मी कुठे म्हटलं होतं?' हुकूम पाठवणारा बिचारा चिटणीस तुरुंगात जातो. तिथे काकूंनी सिनेमा बंद केला आणि मला शालींखाली सारलं. शेवटपर्यंत मला कुणी पाहिलंच नाही.

मनोहरकाका आता नाहीत. यंदा सुट्टीत त्यांची नात आन्या आली. घरातल्या जुन्या टेपा कॉम्प्युटरवर घ्यायचं तिने मनावर घेतलं होतं. तिने मला लावलं आणि जेवायला गेली. परत आली आणि ओरडली, "आजी, कम हिअर! मूव्ही संपली, पण पुढे काहीतरी आहे!"

सिनेमा नाटकापेक्षा सात मिनिटांनी छोटा होता. पडद्यावर नऊवारीतल्या तरुण मृणालिनीकाकू वाकून नमस्कार करत होत्या. पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठून सगळ्यांना सांगत होती, "माझी मिनू आहे ती! माझी!"

रत्नाकाकू पडद्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, हू इज शी?"

"गाडी काढ," काकू मला पिशवीत टाकत म्हणाल्या. "सांगते वाटेत."

मृणालिनीकाकूंच्या दारात रत्नाकाकूंनी बेल वाजवली. दार उघडताच म्हणाल्या, "मिनू, टेप आमच्याकडेच होती. आमच्या हातून पुसली गेली. मी खोटं बोलले." त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि आन्याने लॅपटॉप उघडला. मृणालिनीकाकूंनी ती सात मिनिटं दोनदा पाहिली. रडल्या नाहीत.

"टेप पुसलीस म्हणून मी चार दिवस भांडले असते, रत्ना," त्या म्हणाल्या. "पण आईची शेवटची आठवण मीच हरवली, असं मानून मी पस्तीस वर्षं काढली. ते कसं भरून देशील?"

निघताना सवयीने रत्नाकाकूंनी मला उचलायला हात पुढे केला. मृणालिनीकाकूंनी मला आधीच मांडीवर घेतलं होतं.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जपा. आणि नाहीच जपता आली, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. रत्नाकाकूंनी सांगितलं असतं, तर काय उरलंय ते बघायला दोघी मैत्रिणींनी त्याच संध्याकाळी शेजारी बसून मला शेवटपर्यंत पाहिलं असतं.