जावेसाठी मागितलेला आशीर्वाद

थोरली जाऊ बावीस वर्षं शिवणकाम करत होती. धाकटीला मशीनवर बसायला तिनंच शिकवलं. तीच धाकटी पुढे शेजारच्या गाळ्यात दुकान थाटून बसली आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटली, की मोठ्या बाईंना आता दिसत नाही, एक बाही लांब होते नि एक आखूड. सहा महिने दोघींची बोलचाल बंद होती.

थोरलीनं पाळकसाहेबांकडे गाऱ्हाणं नेलं. ते शांतपणे म्हणाले, की तिला मनापासून क्षमा करा आणि रोज सकाळी तिच्यासाठी आशीर्वाद मागा. क्षमेचं थोरलीला जमेना, पण आशीर्वाद मागायला काय जातंय? दुसऱ्या दिवसापासून तिनं देवाकडे मागणं लावलं, की माझ्या जावेला इतकं काम दे, इतकं काम दे, की तिला मान वर करायला फुरसत मिळू नये. नवरा चहा पिता पिता ऐकायचा आणि ठसका लागल्याचं सोंग करायचा.

पंधरा दिवसांत धाकटीकडे चर्चच्या गायकवृंदाचे चाळीस झगे आले. वर एका शाळेचे गणवेश. तिचं मशीन दिवसभर धडधडायचं. थोरली भिंतीला कान लावून खुशीत बटणं टाचायची.

गुरुवारी मशीन थांबलं. थोडा वेळ तिनं वाट पाहिली, मग तिला राहवेना. उठून बाहेर आली, तर धाकटी तिच्याच दारात उभी. बोटाला भलं मोठं बँडेज, डोळे सुजलेले. सुई बोटातून आरपार गेली होती आणि रविवारपर्यंत अठरा झगे व्हायचे होते.

"ताई, तुमच्या डोळ्यांबद्दल मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मदत नका करू हवं तर. पण हे सांगायचं होतं."

थोरलीच्या जिभेवर सहा महिने घोटून ठेवलेली वाक्यं होती. त्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून त्यातलं एकही बाहेर पडेना.

"अगदीच खोटं नव्हतं ते," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवायला मला नवरा लागतो. आणि हे एवढं काम तुझ्यावर मीच आणलंय. रोज देवाकडे मागत होते."

धाकटीला आधी काही कळेना. कळलं तेव्हा ती चिडली आणि चिडता चिडताच हसायला लागली. मग कात्री नि कापड थोरलीकडे आलं. धाकटी डाव्या हातानं दोरा ओवून द्यायची, थोरली शिवायची. मधूनच दोघी जुनं उकरून भांडायच्या, पण मशीन थांबत नव्हतं.

रविवारी झगे वेळेवर पोचले. फक्त खर्जात गाणाऱ्या धिप्पाड काकांचा झगा गुडघ्यापाशीच संपला. पाळकीणबाईंनी हा कोणी शिवला म्हणून विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली.

"तिचं बोट फुटलंय, ती कुठून शिवणार? मीच," थोरली म्हणाली.

"माप मी दिलं होतं."

"पण कापला मी ना!"

चूक कोणाची यावरून दोघी घरापर्यंत भांडत गेल्या.