बोटभर पॅकिंग

"काका, नाक वर करून चाललीय बगा. कशाचा एवढा गर्व हाय की हिला!" शिवमने आपल्या लाल, दोन सीटांच्या स्पोर्ट्स गाडीच्या बॉनेटवर थाप मारली.

गुरुपादप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. लातूरच्या नांदेड रोडवर त्यांनी स्प्रिंगा आणि पाटे बसवण्यात चाळीस वर्षं काढली होती. ट्रक, जीप, आमदारांच्या गाड्या, सगळं हाताखालून गेलेलं. पण एवढी बुटकी आणि एवढी ऐटबाज गाडी दुकानात पहिल्यांदाच आली होती. मागून जमिनीला टेकलेली आणि पुढून उगाच ताठलेली.

"अर्धापूरहून येताना शंभरच्या पुढं गेलं की स्टेअरिंग हलकं पडतं. आई तर बसायलाच तयार न्हाई," शिवम म्हणाला. "पुण्यात दाखवली. एक म्हणला, पुढचा सगळा सेटच बदला. दुसरा म्हणला, स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकतो."

"कापली की कापलीच. गेलेले केस परत येतेत का?"

शिवमची नजर गुरुपादप्पांच्या टकलावर गेली आणि त्याला हसू आवरेना. मग तेही हसले.

"काय बदलायचं न्हाई, काय कापायचं न्हाई," ते म्हणाले. "दोन बोटं खाली पायजे ना? संध्याकाळच्या आत घेऊन जा."

कोपऱ्यात सृष्टी एका जीपचे बोल्ट रॉकेलने धुवत होती. ही त्यांची मुलगी. आयटीआय केलेली, नांदेडला एका शोरूमच्या वर्कशॉपात कामाला. आठवड्याच्या सुट्टीला आली की आईपाशी बसायचं सोडून दुकानातच रमायची. गुरुपादप्पा तिला सगळं करू देत, फक्त स्प्रिंगला हात लावू देत नसत. दाबून धरलेली स्प्रिंग सुटली तर माणसाला सोडत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

हल्ली मात्र तिला कामाच्या जवळ येऊ न देण्याला आणखी एक कारण होतं. दिवाळीपासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती. सकाळी मूठ वळत नसे. घरी बायको जगदेवी भाकरी कुस्करून त्यांच्या ताटात वाढत असे. सृष्टीला कळलं तर ती दुकान बंद करायला लावेल, ही त्यांना धास्ती होती. आणि दुकान बंद म्हणजे दिवसभर घरी बसून करायचं काय? म्हणून ती आली की त्यांचा हात खिशात जाई. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यांनी गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याला, आर्मला, चार बोल्टांवर एक वाटी असते आणि स्प्रिंग त्या वाटीत बसते. आर्म आणि वाटीच्या मधे लोखंडी पट्ट्यांचं पॅकिंग घातलं, की वाटी खाली जाते आणि तिच्यामागून गाडी. नको झालं तर पॅकिंग काढा, गाडी होती तशी. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर असल्यामुळे इथे एक बोट घातलं तर चाकापाशी दोन बोटं उतरतात. हा हिशेब त्यांना झोपेतही येत होता.

"अप्पा, टेप देऊ?" सृष्टीने विचारलं.

"टेप नवशिक्याला लागतो."

त्यांनी पट्ट्या एकावर एक रचल्या, शेजारी आपलं बोट आडवं टेकवलं आणि तेवढं पॅकिंग दोन्ही बाजूंना घातलं. नट आवळताना पाना दोनदा निसटला. सृष्टीने वर पाहिलं.

दुपारी गाडी खाली उतरली तेव्हा शिवम हरखला. नाक खाली आलं होतं, अगदी हवं तसं. गुरुपादप्पा त्याच्या शेजारी बसून फेरीला निघाले. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला आणि गाडीचं पोट खर्रकन घासलं. पुढच्या वळणावर टायर मडगार्डला चाटला.

"काका, घासायली की ओ."

"गतिरोधकच उंच केलाय लोकांनी," गुरुपादप्पा म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांचं त्यांनाच समजत होतं.

परत आल्यावर सृष्टीने टायरवरचा घासल्याचा पट्टा पाहिला. मग ती बापापाशी आली आणि त्यांचा उजवा हात तिने खिशातून बाहेर काढला. बोटं गाजरासारखी झाली होती.

"कधीपासून, अप्पा?"

"दिवाळीपासून."

आता ती दुकान बंद करायचं काढणार, असं त्यांना वाटलं. पण ती हात धरून नुसती उभी राहिली. तिचे डोळे भरून आलेले पाहिले तेव्हा त्यांना स्वतःच्या लपवाछपवीची लाज वाटली. ते शिवमकडे वळले.

"गतिरोधकाची चूक न्हाई बाबा. चूक माझी हाय. बोट दोन सूत सुजलंय. आत दोन सूत जास्त गेलं, म्हणून चाकापाशी चार सूत. अर्धा इंच गाडी फुकट खाली बसली."

शिवम गडबडला. "असू द्या काका. उद्या करा. मी मुक्काम करतो."

"उद्या कशाला? आजच हुईल." त्यांनी पाना उचलला, क्षणभर तळहातावर तोलला आणि मुलीपुढे धरला. "घे. टेपानं मोज. अन् जॅक उतरवताना तोंड स्प्रिंगसमोर आणू नको."

"मी? स्प्रिंग?"

"मग काय मी? पाना दोनदा निसटला, ते तू बघितलंस की."

तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली, गाडी पुन्हा घोड्यांवर घेतली आणि खाली सरकली. गुरुपादप्पा बॅटरी धरून शेजारी डब्यावर बसले. तिने वाटीखाली लावलेल्या जॅकचा दांडा अगदी सावकाश सोडला. स्प्रिंग कुरकुरली आणि सैल पडली. वाटी अलगद खाली आली. चाळीस वर्षांत आपलं काम असं बाजूला बसून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते चांगलं दिसत होतं.

"अप्पा," गाडीखालून आवाज आला, "बॅटरी जरा डावीकडं धरा."

त्यांनी बॅटरी डावीकडे केली.

"अजून?"

"बस. तशीच ऱ्हाऊ द्या."

सुजलेली बोटं दुखायला लागली, तसा त्यांनी दुसरा हात खाली लावला आणि उजेड जागचा हलू दिला नाही.