चढत्या पाऱ्याची पैज

मी एक जुना पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे, आणि मला भंगारात काढायला निघालेल्यांना आधीच सांगून ठेवतो, माझा पारा अजून चढतो. पत्र्याची पेटी, काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. पण या संसारापुढे भल्याभल्यांची बोलती बंद झालेली मी पाहिली आहे.

मित्रांनो, मला थंडीच्या देशात घडवलं आणि बोटीने टोंगाच्या वावाऊ बेटावर पाठवलं. धक्क्यावर उतरवताना माझी पेटी समुद्रात पडली. एका देवमाशिणीने मला नाकाने ढकलत किनाऱ्याला लावलं. आभार म्हणून मी तिचा रक्तदाब मोजला. पट्टा पुरेना, तेव्हा गावातल्या बायकांनी लग्नासाठी विणलेल्या चटया जोडून दिल्या. खोटं वाटतं? खुशाल वाटू दे. बाकी कशालाही मी तिखटमीठ लावीन, पण आकड्याला कधीच लावलं नाही. पारा जिथे थांबला तिथेच थांबला. समोर सरदार बसलेला असो की बाजारात नारळ विकणारी बाई.

दवाखान्यात माझी फार चंगळ होती. परिचारिका मला मऊ फडक्याने पुसत, नव्या डॉक्टरांना म्हणत, "आधी याला विचारा." मग बटणं दाबली की टुकटुक करणारी नवी यंत्रं आली आणि मला चादरींच्या कपाटात ढकललं. माझ्या पेटीत पालींनी अंडी घातली. पालींची किती घराणी माझ्या डोळ्यांदेखत वाढली, ते मी सांगत बसलो तर तुमची जेवणाची वेळ टळेल.

त्या कपाटातून मला बाहेर काढलं लुसियानेने.

लुसियाने याच गावची. तिचे वडील कंदांच्या मळ्यात काम करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. धडधाकट माणूस. सकाळी कुऱ्हाड घेऊन गेला होता. गाव म्हणालं, देवाची मर्जी. लुसियाने तेव्हा शाळेत होती. तिला ते पटलं नाही. पुढे ती ऑकलंडला शिकायला गेली. घरच्यांना वाटलं, पोरगी डॉक्टर होऊन येईल, पांढरा कोट घालून मिरवेल. ती परत आली ती हृदयरोगाची संशोधक व्हायचं ठरवून.

तिची आत्या कालोलाइने म्हणजे गावातला बुलंद आवाज. तिने विचारलं, "म्हणजे तू आजाऱ्यांना बरं करणार नाहीस?"

"नाही आत्या. माणसं आजारी पडणारच नाहीत, हे बघणार."

"धडधाकट माणसांना तपासायचं? याचा पगार देतात?"

"अजून तरी थोडाच देतात."

"आणि काही झालंच नाही, तर तुझ्यामुळे झालं नाही हे कोणाला कळणार?"

"कोणालाच नाही," लुसियाने म्हणाली. "त्यासाठीच तर मोजून ठेवायचं."

 आत्याने भाजलेला नीरफणस तिच्यापुढे सरकवला. "खा. तुझ्या बापासारखी हट्टी आहेस."

लुसियानेने मला पुसलं, माझा पारा गाळून घेतला, नव्या नळ्या बसवल्या आणि मोठ्या दंडांना पुरेल असा रुंद पट्टा लावला. अरुंद पट्टा जाड दंडाला बांधला की आकडा उगाच फुगतो. आमच्या गावातले दंड म्हणजे दंड असतात हो! एकेका दंडावर शाळेची घंटा टांगता येईल. घरोघरी हिंडून तिने बायका मोजल्या, म्हातारी माणसं मोजली, पाद्री मोजले. कोणी किती मीठ खातं, किती चालतं, कोणाच्या घरात कोण अचानक गेलं, सगळं विचारलं.

अडलं ते भावांपाशी.

आमच्याकडे भाऊबहिणीत मोठं अंतर राखतात. जाणत्या वयात आले की दोघं एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांच्या शरीराबद्दल अवाक्षर काढत नाहीत, हात लावणं तर सोडाच. हा मान आहे, राग नव्हे. आणि चुलत, मावस, मामेभाऊ सगळे भाऊच! अर्ध्या गावातले पुरुष लुसियानेचे भाऊ निघाले. त्यात तिचा सख्खा थोरला भाऊ सियोसाइया. वडील गेले त्या वयाला तो आता टेकला होता. अंगापिंडाने वडिलांसारखाच, आणि जेवायलाही. अळूच्या पानात खारं डबाबंद मांस आणि नारळाचं दूध घालून भट्टीत भाजलेलं लू तो असं खायचा, की पानंसुद्धा घाबरून आपणहून उलगडायची.

ऑकलंडहून तिच्या प्राध्यापकांचा फोन आला. "भाऊ उपलब्ध नाहीत, असं प्रबंधात लिही आणि पुढे जा."

"उपलब्ध नाहीत?" लुसियाने उसळली. "सर, ते तिकडे बसून गाणी म्हणतायत! मला इथवर ऐकू येतंय!"

पुरुषांची ती संध्याकाळची बैठक. मधोमध लाकडी परात, तिच्यात कावा, म्हणजे कुटलेल्या मुळाचं मातकट पाणी. करवंटीत घ्यायचं, प्यायचं, गायचं. बहिणींनी तिथे पाऊल टाकायचं नाही. मग लुसियानेने मला केपुएलीच्या हाती दिलं. हा लग्नानंतर दुसऱ्या बेटावरून इथे येऊन राहिलेला, तिचा कोणी नव्हे. पलटणीत असताना रक्तदाब मोजायला शिकला होता. "सगळ्यांचा घे," ती म्हणाली, "शांत बसवून."

शांत! त्या बैठकीत!

मित्रांनो, पुढे जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. आमच्याकडे जे मोठं ते चांगलं. मोठं डुक्कर, मोठी चटई, मोठा माणूस. केपुएलीने पहिल्याचा आकडा ओरडून सांगितला, तसा दुसरा म्हणाला, "बस एवढाच? सरक, मला बसू दे."

पैज लागली. ज्याचा पारा सगळ्यात वर, त्याला पहिली करवंटी. एक जण बाहेर जाऊन धावून आला. एकाने खाऱ्या मांसाचा डबा तिथेच फोडून संपवला. एकाने दोघा चुलत भावांना खांद्यावर घेऊन उठाबशा काढल्या. माझा पारा वरखाली होऊन मला घेरी आली. एकदा तर तो झाकण फोडून छपरात घुसला आणि तिथे झोपलेल्या वटवाघळाचा रक्तदाब घेऊन परत आला.

"एकशेऐंशी!" केपुएली ओरडला. "आहे का कोणी माईचा लाल?"

सियोसाइया उशिरा आला. धावला नाही, खाल्लं नाही. कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सावरत भिंतीला टेकून बसला, पाय पसरले, दंड पुढे केला. जांभई दिली.

माझा पारा चढला, आणि चढतच राहिला.

"दोनशे दहा! दोनशे दहा! सियोसाइया, राजा आहेस रे तू!"

बैठक नाचायला लागली. "याने केलं काय?" "अरे, गपचूप श्वास कोंडला असेल!" "लबाड आहे, पण पहिली करवंटी त्याचीच!" सगळ्यांना वाटलं, त्याने सर्वांत सफाईदार लबाडी केली. एकट्या मला ठाऊक होतं, पैज लागल्यावर खरा आकडा फक्त त्याचाच होता. आणि मला वाचा कुठली! नळीत उभा राहून मी नुसता थरथरत होतो.

लुसियाने बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली उभी होती. आत जाता येईना. ओरडून सांगता येईना. केपुएलीने हसत मला तिच्या हाती दिलं. "फेकून दे सगळे आकडे, पोरी. आम्ही नुसती मजा केली."

"सियोसाइयाने काय केलं होतं?"

"काय माहीत! बसला होता नुसता."

लुसियानेचा चेहरा उतरला. मला घेऊन तिने थेट आत्याचं घर गाठलं.

तुमच्याकडे आत्या बाळाचं नाव ठेवते. आमच्याकडे आत्या भावाच्या पोरांकडे काय वाटेल ते मागते. डुक्कर, होडी, नवी चटई. आणि पोराने नाही म्हणायचं नसतं. आत्याची तिथे नेहमी लूट चालायची. गेल्या सणाला तिने सियोसाइयाचा गळ आवडला म्हणून नेला होता, मासे धरता येत नसताना.

सोमवारी सकाळी ती मला काखोटीला मारून त्याच्या अंगणात उभी राहिली. लुसियाने भिंतीच्या पलीकडे, दिसणार नाही अशी.

"सियोसाइया! मागायला आले रे."

तो धावत आला, खाली बसला. "आत्या, काय हवं ते न्या. डुकराचं पिल्लू आहे बघा, गुबगुबीत."

"पिल्लू राहू दे. मला तुझा हात हवा."

"हात?"

"डावा. कापून नेत नाही, घाबरू नकोस. थोडा वेळ माझा."

तो हसला. "अहो, तो परवाचा आकडा म्हणजे गंमत होती. सगळ्यांनी चढवून घेतला."

"तू काय करून चढवलास?"

तो पिल्लाकडे बघू लागला.

"सांग ना. धावलास? उठाबशा काढल्यास?"

"नाही."

"मग आता गप्प बस. बोलायचं नाही, हसायचं नाही. हात माझा आहे."

लुसियानेने तिला आदल्या दिवसापासून शिकवलं होतं. आत्याने पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, फुगा दाबला, हळूहळू हवा सोडली. मग साऱ्या बेटाला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा म्हणाली. तोच होता.

अंगणात कोंबड्याही थांबल्या. भिंतीपलीकडे कोणीतरी श्वास रोखला, तो मला पाऱ्यात कळला.

"आत्या," सियोसाइया हळूच म्हणाला, "बाबांचा कोणी मोजला होता का कधी?"

"नाही रे लेकरा. तुझ्या बाबाकडे मागायला तेव्हा मला काहीच सुचलं नाही. आता सुचलंय."

आत्याने त्याच दिवशी त्याच्या घरातले खाऱ्या मांसाचे डबे मागितले, मेंढीच्या चरबीच्या पट्ट्या मागितल्या, तंबाखू मागितली. सगळं हातगाडीत घालून नेलं. तो हात जोडून देत गेला, बायको दारात उभी राहून हसत होती. आणि शेवटी आत्या म्हणाली, "उद्यापासून दवाखान्यातली गोळी रोज माझ्यासमोर घ्यायची. तुझा उद्याचा दिवसही मी मागितलाय. आणि परवाचाही."

पारा एकदम उतरला नाही, मी काही जादूगार नाही. हळूहळू, हट्टाने उतरला. सियोसाइया मळ्यात पायी जायला लागला. कावाच्या बैठकीत पहिली करवंटी आता कोणाची, यावर अजून भांडणं होतात. काही जण अजूनही धावून येतात. मूर्खपणाला औषध नाही, पण आत्या आहे.

लुसियानेने प्राध्यापकांना कळवलं, भाऊ उपलब्ध आहेत. बेटावरच्या आत्यांना तिने मोजायला शिकवलं आणि भावांचे सगळे आकडे नव्याने घेतले. प्रबंधाच्या परीक्षकांपैकी एकाने भुवया उंचावून विचारलं, "शास्त्रात आत्या कशी बसते?" ती म्हणाली, "खुर्ची दिली की बसते." आज ती याच बेटावर संशोधन करते, पगार अजून थोडाच आहे, आणि नव्या मुली तिच्याकडे शिकायला येतात.

पारा विषारी म्हणून मला आता कुलूपबंद कपाटात ठेवणार आहेत. ठेवा. नळी फुटली तर पोरांना इजा होईल, एवढं मलाही कळतं. पण मित्रांनो, माझ्या जागी जे यंत्र येईल त्याला चादरींखाली टाकू नका. हृदय दुखेपर्यंत थांबू नका, ते आधी हाक मारतंच असं नाही. आणि घरातला कोणी छाती काढून म्हणाला, "मला काही होत नाही," तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला खुर्चीत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा, तोंड बंद.