नाकातली वाकडी कडी

मी एक जुना लाकडी मासा आहे. मला शेपूट आहे, काचेच्या मण्यांचे डोळे आहेत, पोटाखाली दोन गळ लोंबतात. जीव मात्र नाही. समुद्रातल्या खऱ्या माशांना फसवणे हा माझा धंदा. पण मित्रांनो, लबाडीसाठी जन्मलो तरी माझ्या वाट्याला माणसे फार चांगली आली. त्यांचे उपकार सांगावेत म्हणून हा खटाटोप.

घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला खुर्चीच्या मोडक्या पायातून कोरले. त्याच्या थोरल्या बहिणीसाठी. ताई दिवसभर शिवणकाम करायची आणि पहाट झाली की मासे धरायची काठी घेऊन समुद्रकाठच्या खडकांवर जायची. घड्याळजीला वाकडे म्हणून काही खपत नसे. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. माझ्या पोटात शिसे भरून त्याने मला पाण्याच्या बादलीत इतक्यांदा पोहायला लावले, की आता मला सर्दी होणार असे वाटले. मग माझ्या नाकात दोरी बांधायची तारेची कडी बसवली, अगदी मधोमध.

ताईच्या डबीत पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली एक खोटी माशी होती. समुद्र शांत असला की ताई लवचीक काठी मागेपुढे झुलवून ती माशी पाण्यावर अलगद उतरवायची. लाटा उसळल्या की माझी पाळी. मी नाकासमोर पोहत जायचो आणि तसाच परत यायचो. मासे माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत.

एकदा मी खडकावर आपटलो आणि माझी कडी वाकली. पुढच्या फेकीला मी पाण्यात लंगडत, कलंडत, अडखळत निघालो. मला वाटले, संपलो! तेवढ्यात एका भल्यामोठ्या माशाने झडप घातली. जखमी मासा म्हणजे आयता घास, असा त्याचा हिशोब असावा.

त्या दिवशी घरी आलेला मासा बघून घड्याळजीची छाती फुगली. “बघितलंस? सरळ काम ते सरळ काम!”

“खरंय रे बाबा,” ताई म्हणाली आणि माझे नाक तिने हळूच मुठीत झाकले. भावाचे मन मोडायला तिची जीभ रेटली नाही. तेव्हापासून ती मला गोड्या पाण्याने धुवायची, गळ पुसायची आणि शिवणयंत्रामागच्या खिडकीत, नाक दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे करून, वाळत ठेवायची. माझी कैक वर्षे सुखाची गेली.

मग एके दिवशी शेवाळावरून ताईचा पाय घसरला आणि खांदा मोडला. प्लास्टर निघाले तरी हातात पूर्वीचे बळ येईना. लवचीक काठी झुलवताना ती कळवळायची.

“माशी टाकणं संपलं,” ती एकदा म्हणाली. “आता लाकडी मासा फेकणं तरी जमतंय का बघते. नाही जमलं तर काठ्या देऊन टाकू कुणाला तरी.”

 त्या रात्री घड्याळजीने मला खिडकीतून उचलले. घासले, रंगवले, नवे गळ लावले. शेवटी त्याला माझे वाकडे नाक दिसले. “अरेरे, काय दशा झालीय तुझी!” म्हणत त्याने पक्कड घेतली. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर!

दुसऱ्या दिवशी सामानाची पिशवी घेऊन तोही खडकांवर आला. ताईने मला फेकले. फेक पूर्वीइतकी लांब गेली नाही, पण पडली योग्य जागी. मी नाकासमोर परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. समोर पक्षी पाण्यात सूर मारत होते, म्हणजे मासे होते. मला मात्र एकही शिवला नाही.

ताई खडकावर मटकन बसली. “हात गेला रे माझा. चल घरी.”

“असं कसं?” घड्याळजी रडवेला झाला. “मी तर त्याला नवा कोरा केला होता. नाकातली कडीसुद्धा सरळ केली.”

ताईने मला डोळ्यांजवळ धरले आणि ती हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. “गाढवा, ती वाकडी होती म्हणून तर मासे लागायचे! सरळ होती तोवर एक लागेल तर शपथ!”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुझा चेहरा बघवला नसता.”

 घड्याळजीने खिशातून पक्कड काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक सरळ वस्तू आपल्या हाताने वाकडी केली.

“एवढी पुरे?”

“अजून जरा.”

“अजून?” त्याच्या कपाळाला घाम फुटला होता.

मी पुन्हा लंगडत निघालो आणि मधेच जोराचा हिसका बसला. काठी वाकली. घड्याळजी मदतीला धावला, तर ताई ओरडली, “हात लावू नकोस!” तिने दात-ओठ खात मासा एकटीने किनाऱ्याला आणला. काठ्या घरातच राहिल्या.

मित्रांनो, आता माझा रंग पुन्हा उडाला आहे. वस्तूंची निगा राखा. खारे पाणी धुवा, गळ कोरडे ठेवा. पण दुरुस्तीला हात घालण्याआधी ज्याची वस्तू आहे त्याला एकदा विचारा. आजकाल खिडकीत माझे तोंड खोलीकडे असते. घड्याळजी जाता-येता माझ्या नाकाकडे बघतो, त्याचा हात खिशातल्या पकडीकडे जातो, आणि तो मागे घेऊन तो भिंतीवरची तसबीर सरळ करतो.