बिननावाची हळद

सुगंधा माझी धाकटी जाऊ. तिची हळदीच्या गाण्यांची कॅसेट निघाली आणि घाटकोपरात माझं कान उघडे ठेवून चालणं बंद झालं. पिठाच्या गिरणीवर सुगंधा, न्हाव्याच्या दुकानात सुगंधा, केळेवाल्याच्या गाडीवरसुद्धा सुगंधा. आवाज कसा, तर पाणी घातलेल्या चहासारखा. गोड आहे, मी नाही म्हणत नाही. साखर ओतली की कुठलाही चहा गोड लागतो.

गाणी माझी. माझ्या आईनं कुडाळात मला दिली, मी लग्न होऊन मुंबईत आणली. चाळीत कुणाचीही हळद असो, पुढची ओळ या जानकीनं घालायची आणि मागच्या बायकांनी ती परत म्हणायची. सुगंधा मागच्यांतली. तिला ओळ कुठं तोडायची ते मी शिकवलं, श्वास कुठं घ्यायचा ते मी शिकवलं.

कॅसेट काढणारे भाऊराव पहिल्यांदा आले ते माझ्याकडे. म्हणाले, "मावशी, तुमचं नाव लांबवर ऐकलंय. साकीनाक्याला आमचा स्टुडिओ आहे, रविवारी या." मी सुगंधाला सोबत घेतलं, मागं म्हणायला कुणीतरी हवंच. हे माझंच डोकं.

स्टुडिओ म्हणजे काय, तर लेथ मशीनच्या कारखान्यावरचा माळा. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, खिडक्या बंद, पंखासुद्धा बंद. म्हणे पंख्याचा आवाज टेपात येतो. रविवार म्हणून खालची मशीनं गप्प होती. माझ्या तोंडासमोर माईक आणून ठेवला. मी विचारलं, "लग्न कुणाचं?"

"कुणाचंच नाही, मावशी. रेकॉर्डिंग आहे."

"मग नावं कुणाची घालू?"

आमच्यात हळदीचं गाणं नावांवर चालतं. मांडवाच्या दारात कोण आलं ते एकेकाचं नाव घेऊन गायचं. मामा आला तर मामाचं नाव, आत्या आली तर आत्याचं. एक नाव राहिलं की तो माणूस जेवायला बसत नाही, आणि मग वर्षभर बोलत नाही. बिननावाचं गाणं मी जन्मात गायले नव्हते. भाऊराव म्हणाले, "कुणाचीही घाला हो." कुणाचीही कशी घालू? माझी लेक प्रेमा लग्नाची होती. मनात म्हटलं, तिचाच मांडव डोळ्यांपुढं धरावा. आणि सुरू केलं,

"मांडवाच्या दारात कोण इलो गो,
व्हकलेचो मामो लवू इलो गो..."

व्हकल म्हणजे नवरी, इलो म्हणजे आला. लवू माझा भाऊ. त्याच्यामागून त्याची बायको आली, मावशी आली, कुडाळची माणसं आली, मालवणची आली. भाऊराव काचेपलीकडून हात हलवत होते. मला वाटलं, रंगलेत. मी आणखी चढवलं. शेवटी दार उघडून ते आत आले.

"मावशी, टेप संपली!"

"माणसं कुठं संपलीत अजून? प्रेमाच्या बापाकडची सगळी राहिलीत."

ढोलकीवाला हसला. भाऊरावांनी कपाळ पुसलं. "साडेतीन मिनिटांत गाणं आटपायला हवं. नावं नकोत. आणि ते व्हकल नको, नवरी म्हणा, सगळ्यांना समजायला पाहिजे. ही कॅसेट सगळ्यांच्या लग्नात वाजणार ना!"

"सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्याच नाही," मी म्हटलं. "घरच्या माणसांना दाराबाहेर उभं करून मी हळद गात नाही."

तेव्हा मागून ही बोलली. "जाऊबाई, मी बघू का म्हणून?"

आणि म्हटलंन. मामा आला, आत्या आली, काकी आली. कोण मामा, कुठली आत्या, काही नाही. साडेतीन मिनिटांत सगळं गणगोत आत घेऊन दार लावून मोकळी. भाऊराव म्हणाले, "झकास!" मी उठून जिन्यात जाऊन बसले. मागं म्हणायला त्यांनी दुसऱ्या पोरी आणल्या.

कॅसेटवर सुगंधाचा फोटो आला. फोटोसाठी मोहनमाळ माझ्याकडून मागून नेली होती. का दिली म्हणून विचारू नका, घरच्या बाईला नाही म्हणता येतं का? माझी माळ तिच्या गळ्यात, माझं गाणं तिच्या तोंडात, आणि खाली ठळक अक्षरांत तिचं नाव. तिसरीपर्यंत शिकले मी, तेवढं वाचता येतं.

आमचे हे म्हणाले, "अगं, मान घरातच आला ना?"

"मग जेवायला पण तिच्याचकडे जा," मी म्हटलं. गेले हो, निर्लज्ज! वर तिच्या हातची सोलकढी चांगली होती म्हणून सांगितलं.

त्यानंतर चाळीत हळदी झाल्या, पण मला बोलावणं नाही. टेपरेकॉर्डर ठेवायचा, बटण दाबायचं, झालं. शेजारच्या शकुनं तर मला पाटावर बसवून चहा दिला आणि शेजारी कॅसेट लावली. मी चहा तसाच ठेवला.

मग प्रेमाचं ठरलं. मुलुंडची माणसं, चांगली. प्रेमा म्हणते, "आई, काकीची कॅसेट लावूया ना. काय क्लियर आहे!"

"आई मेली का तुझी?"

"तसं नाही गं..."

"मग मी गाईन. टेपरेकॉर्डर या घरात दिसला तर गॅलरीतून खाली जाईल."

हळदीच्या दिवशी नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. प्रेमाची होणारी सासू, वसुधाबाई, चप्पल काढायच्या आधीच विचारते, "कॅसेटवाल्या सुगंधाबाई कुठल्या? आज त्याच गाणार ना?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. सुगंधा हळदीचं ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "नाही हो, गाणं जाऊबाईंचं. मी मागं असते."

हा चांगुलपणा तर मला मिरचीसारखा लागला. माझ्या पोरीच्या मांडवात मला जागा देणारी ही कोण?

मी बसले, पदर खोचला आणि सुरू केलं. आवाज असा लागला की खालच्या गल्लीतले लोक वर बघायला लागले. लवूमामा आला, मामी आली, आत्या आल्या. प्रत्येक नावाला तो तो माणूस हसायचा, बायका ओळ परत म्हणायच्या. मग काकीची पाळी. सगळ्यांना ठाऊक, आता सुगंधा. मी श्वास घेतला आणि सरळ मावशीवर गेले.

"व्हकलेची मावशी जयंती इली गो..."

मागून कुणी ओळ उचललीच नाही. एकटी सुगंधा म्हणाली. खाली मान घालून, पण सुरात. मावशीची ओळ पुरी केली तिनं.

प्रेमाच्या गालाला हळद लागत होती. तिनं हळद लावणाऱ्या शकुचा हात धरला. "आई, काकी राहिली."

"नवरीनं मधे बोलायचं नसतं."

"काकीचं नाव घे. तोवर मी हळद लावून घेणार नाही."

वसुधाबाई बघत होत्या. मुलुंडच्या सगळ्या बघत होत्या. आणि माझं कार्टं पिवळ्या तोंडानं माझ्याकडे बघत होतं, हट्टी, माझ्यासारखंच. नाव तर घ्यायला हवं होतं. पण असं सरळ कसं देऊ?

"व्हकलेची काकी सुगंधा इली गो,
पेटीत बसान नाव इसरान इली गो..."

म्हणजे कॅसेटच्या डबीत बसली आणि माणसांची नावं विसरून आली. बायका फिसकन हसल्या. हळदीत टोमणा चालतो, तो आमचा हक्कच आहे. मी सुगंधाकडे पाहिलं. आता परत म्हण, बाई, स्वतःवरचा टोमणा.

तिनं परत म्हटला नाही. ताट खाली ठेवलंन, माझ्याकडे बघितलंन आणि माझ्याच चालीत, मी शिकवलेल्या ठिकाणी श्वास घेऊन उत्तर दिलंन,

"व्हकलेची आवस जानकी इली गो,
माझ्या गळ्यात तिचीच गाणी इली गो..."

आवस म्हणजे आई, म्हणजे मी. वसुधाबाई "वा!" म्हणाल्या. लवूनं शिट्टी मारली, गाढवानं. सगळ्या बायकांनी ती ओळ उचलली. माझ्या ओळीला अशी उचल कधी मिळाली नव्हती. प्रेमानं गाल पुढं केला, हळद लागली.

त्या ओळीत माझं नाव होतं. हळदीत आलेली ओळ सगळ्यांनी परत म्हणायची असते, पुढचीनं म्हटली नाही तर गाणं अडतं. पोरीचं गाणं मी कसं अडवणार? म्हटली मी. पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागून म्हटली, आणि मागच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, म्हणजे निदान मुलुंडवाल्यांना कळावं, आवाज कुणाचा ते.